कोसमटोल्याची इंग्रजी बाराखडी

कोसमटोला हे गाव सिंदेवाहीहून चिमूरकडं जाताना जंगलात मध्येच कुठंतरी लागतं, आणि नाही लागलं तरी कोणाचं काही अडत नाही. पावसाळ्यात गावातून बाहेर पडता येत नाही, उन्हाळ्यात बाहेरचं कोणी आत येत नाही. अशा गावात एका माणसाला इंग्रजी येत होतं. निदान येतं असं गाव म्हणत होतं, आणि गावानं एकदा म्हटलं की ते खोडून काढायला दुसऱ्या कोणाला इंग्रजी यायला हवं होतं ना.

त्या माणसाचं नाव लटारू मोहुर्ले. माळ्याच्या घरातला, सातवी पास, मग मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास, मग पंचविशी-तिशीतच सगळ्या गावाचा गुरुजी. अंगानं काटकुळा, पण गळा असा की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या गाण्या-नाचात त्यानं खंजेरी घेऊन सूर लावला म्हणजे शिंगाडे विकणाऱ्या बायाही तराजू खाली ठेवायच्या. इंग्रजी मात्र त्याला चुकून मिळालं. जंगलखात्याचा एक कारकून भर आषाढात गावात अडकून पडला, नाल्याला पूर होता, आणि वेळ जाईना म्हणून त्यानं लटारू गुरुजींना इंग्रजीची अक्षरं शिकवली. यातली पाच स्वर, बाकीची एकवीस व्यंजनं, एवढं सांगितलं, जवळचं एक फाटकं प्रायमर दिलं, आणि नाला उतरल्यावर तो आपल्या वाटेनं गेला. इंग्रजी बोलणारं माणूस गुरुजींनी त्या आधी ऐकलं नव्हतं आणि त्या नंतरही ऐकलं नाही.

पुढचं सगळं गुरुजींनी आपल्या डोक्यानं केलं, आणि डोकं चांगलंच होतं, हे कबूल करायला हवं. स्वर आहेत आणि व्यंजनं आहेत, म्हणजे बाराखडी असलीच पाहिजे, असा त्यांनी हिशोब केला. जगात कुठल्या भाषेला बाराखडी नसेल, हे मराठी शाळेत वाढलेल्या माणसाच्या मनात तरी का यावं. त्यांनी एकेक व्यंजन घेतलं, त्याला पाचही स्वर जोडले आणि शाळेच्या भिंतीवर चुन्यानं पांढरे पट्टे मारून त्यावर गेरूनं सगळी बाराखडी लिहून काढली. बी ए बा, बी ई बे, बी आय बि, बी ओ बो, बी यू बु. मग त्याला दंडारीची चाल लावली. पोरं डोलत डोलत म्हणू लागली, घरी गेल्यावर आयांना ऐकवू लागली, आणि पाहता पाहता अख्खं गाव इंग्रजी गायला लागलं. गुराखी गायचे, धान सडताना बाया गायच्या. दळणाला बसलेल्या म्हातारीला एफ ओ फो येत होतं आणि आपण इंग्रजीत आहोत याचा तिला अभिमान होता. आज हसू येतं. तेव्हा कोणी हसत नव्हतं.

मालगुजारी गेली त्या साली भैयाजींनी गावात मिडल स्कूल काढलं. भैयाजी म्हणजे गावचे मालगुजार, जमीनदारच म्हणा. मालगुजारी गेली तरी ऐट काही गेली नव्हती, आणि आता गावावर धाक ठेवायला शाळेसारखं दुसरं साधन नाही हे त्यांना बरोबर कळलं होतं. पाचवीपासून इंग्रजी शिकवायला मास्तर हवा होता. बाहेरचा शिकलेला मास्तर या रानात टिकणार नाही, आणि टिकला तर भैयाजींचं ऐकणार नाही. लटारू गुरुजी घरचेच होते. पहिल्याच वर्षी चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले, पोरांनी तालासुरात इंग्रजी बाराखडी म्हणून दाखवली, साहेबांनी रुमाल तोंडाला लावला, खांदे जरा हलले, आणि मग त्यांनी इंग्रजीचं शिक्षण समाधानकारक असल्याचा शेरा दिला. त्या दिवशी भैयाजींकडं सुवासिक चिनोर तांदळाचा भात आणि गावठी कोंबडा होता. साहेबांचे डोळे पाणावले होते, असं गुरुजी पुढं कितीतरी दिवस सांगत राहिले.

भैयाजींचा स्वतःचा मुलगा मात्र पाचवीपासून नागपूरला शिकत होता. गुरुजींना ती मोठ्या लोकांची हौस वाटली.

गुरुजींना एकच मूल, सुगंधा. तिच्यावर त्यांचा जीव होता, आणि त्या जिवात एक हट्टही होता. कोसमटोल्यात तोवर कोणी मॅट्रिक झालं नव्हतं, मुलगी तर दूरच. सुगंधानं मॅट्रिक व्हायचं, चांद्याला शिकायचं, आणि गावाच्या सगळ्या पोरींसाठी ती वाट मोकळी करायची, एवढंच गुरुजींनी आयुष्यात मनापासून मागितलं. बायकोचं, शकुबाईचं, मत वेगळं होतं. "अजी, पोरगी चौदाची झाली," ती म्हणायची. "तिच्या वयाच्या पोरी दोन लेकरं घेऊन माहेरी येऊन राह्यल्या. तुमचं मॅट्रिक कवा होईल अन् आमी पाहुने कवा पाहू?" गुरुजी हसून म्हणायचे, एवढं वर्ष जाऊ दे. सातवीत सुगंधा पहिली आली, आणि पंचावन्न सालच्या जूनमध्ये सिंदेवाहीहून छोट्या गाडीत बसून ती चांद्याला मामाकडं गेली. आठवीत तिचं नाव घातलं. स्टेशनवर गुरुजींनी तिला सांगितलं, "इंग्रजीची फिकीर करू नोको. बाकी सांभाळ." पोरीनं मान हलवली. तिलाही तसंच वाटत होतं.

पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं. सुगंधा उभी राहिली आणि तिला येत होतं तसं, म्हणजे चालीत, वाचू लागली. पहिली ओळ संपेपर्यंत वर्ग गप्प होता, कारण हे काय चाललंय ते कोणाला कळेना. मग जो हशा उसळला, तो शेजारच्या वर्गात गेला. बाईही हसल्या. पुन्हा वाच म्हणाल्या. पोरीला वाटलं आपलं आवडलं, म्हणून तिनं आणखी मोकळ्या गळ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी तिला मास्तरांच्या खोलीत नेऊन तिथंही वाचायला लावलं. तोवर तिला कळलं होतं, तरी तिनं वाचलं, कारण नाही म्हणायचं कसं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. शाळेत तिचं नाव बाराखडी पडलं. सुगंधा मोहुर्ले म्हणून तिला पुन्हा कोणी हाक मारली नाही.

पण पोरगी बापासारखीच हट्टी होती. ती रडली नाही, मामीला सांगितलं नाही, घरी पत्र लिहिलं त्यात एक अक्षर घातलं नाही. बाईंनाही पुढं आपल्या हसण्याची लाज वाटली असावी. त्यांनी शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं आणि शिकवायला सुरुवात केली. आधी सगळं विसर, म्हणाल्या. विसरणं किती अवघड असतं ते ज्यानं दंडारीच्या चालीत काही पाठ केलंय त्यालाच कळेल. सुगंधा स्वयंपाक करताना, पाणी भरताना एकेक शब्द तोंडातल्या तोंडात नव्यानं म्हणत राहायची, आणि मध्येच जुनी चाल वर यायची की स्वतःचाच राग राग करायची. दिवाळीपर्यंत तिला वाचता येऊ लागलं. अडखळत, पण खरं.

दिवाळीच्या सुटीत ती घरी आली. सकाळी गुरुजी अंगणात दात घासत होते, तिथं ती जाऊन बसली.

"बाबा," ती म्हणाली, "इंग्रजीले बाराखडी नसते."

गुरुजींना ती थट्टा वाटली. मग तिनं पुस्तक उघडलं आणि सावकाश दाखवलं. ए हा एकच स्वर, पण कॅटमध्ये एक बोलतो, केकमध्ये दुसरं, बॉलमध्ये तिसरंच. नाइफ लिहिताना पुढं एक व्यंजन उभं करायचं आणि त्याला बोलूच द्यायचं नाही. अक्षर पाहून सांगता येत नाही, कोणाच्या तरी तोंडून ऐकावंच लागतं. ती दुखवायचं नाही म्हणून हळू बोलत होती, आणि त्यामुळंच ते जास्त लागत होतं. "लिवलं एक अन् बोलाचं दुसरं?" गुरुजी म्हणाले. "हे कोनती रीत झाली?" लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं, ही रीत त्यांना इंग्रजीत पहिल्यांदा दिसली. गावात ती कितीतरी आधीपासून चालू होती, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"तिथी मले हासले, बाबा," सुगंधा म्हणाली. तेव्हा तिनं सगळं सांगितलं, मास्तरांच्या खोलीसकट. "माह्या मांगून जे पोट्टे जातीन त्याइले बी हासतीन. भैयाजीले सांगा. शिकलेला मास्तर आना म्हना."

गुरुजींनी चूळ भरली नाही, तोंड तसंच पुसलं आणि उठून थेट भैयाजींकडं गेले. वाटेत त्यांना आपली लाज वाटत होती, पोरीची कीव येत होती, आणि त्या कारकुनाचा राग येत होता, जो बिचारा कुठं मरून गेला असेल की काय कोण जाणे. भैयाजी पान लावत बसले होते. गुरुजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आपण इतकी वर्षं चुकीचं शिकवलं, हेही सांगितलं. भैयाजींना धक्का बसेल असं त्यांना वाटलं होतं. भैयाजींनी पानाला चुना लावला, कात टाकला, घडी घातली.

"मले का माहीत नाई, मास्तर?" ते म्हणाले. "म्हनून तं पोराले नागपूरले ठेवलं."

गुरुजींनी साहेबांच्या शेऱ्याची आठवण दिली.

"साहेबाले बी माहीत हाय. थे का रडत होते का तवा? हासून राह्यले होते." भैयाजींनी पान तोंडात टाकलं. "पाहा, मंडईले साहेब येनार हाय. आठवीचा वर्ग मागितला आपन. पुढच्या साली नववी. साहेबाच्या शेऱ्यावर शाळा उभी हाय. शेरा खोटा ठरला तं साहेबाची नोकरी जाईल, अन् साहेब गेले तं शाळा कोन ठेवते? या पोट्ट्याइले का कलेक्टर व्हाचं हाय? बैलच हाकाचे हाय त्याइले. होऊ द्या गानं. अन् तुमी तं इंग्रजीवाले गुरुजी. तुमच्यापाशी इंग्रजीचा कोनता कागद हाय, हे मी कवा इचारलं का?"

गुरुजी घरी परत आले. सुगंधानं विचारलं, काय म्हणाले. "पाहू म्हनते. होईल हळूहळू," असं ते म्हणाले. पोरीसमोर बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं. शाळा जाईल ही भीती त्यांना होतीच, आणि ती भीती काही खोटी नव्हती. पण शाळेच्या भीतीखाली दुसरी एक भीती होती, आणि तीच जास्त मोठी होती, असं माझं मत आहे. उद्यापासून आपण कोण, ही. नऊ नऊ एकर जमीन असलेले भाऊबंद आणि दुकानदार शेजारी ज्या माणसाला राम राम घालायला थांबत होते, तो इंग्रजीच्या आधाराशिवाय एक काटकुळा माळी होता, आणि हे त्या माणसाला ठाऊक होतं.

मंडईच्या दिवशी दुपारी गाव माणसांनी फुललं. ऊस आले, शिंगाडे आले, शेव आणि गाठ्यांची दुकानं लागली, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून, टोल्याटोल्यावरून बैलगाड्या आल्या. दंडारीच्या मांडवात खुर्च्या मांडून इन्स्पेक्टर साहेबांना बसवलं होतं. भैयाजींनी माणूस पाठवून निरोप दिला, गुरुजींच्या मुलीनं साहेबांसमोर इंग्रजी वाचायचं. चांद्यात शिकणारी गावची पहिली पोरगी, साहेबांना दाखवायलाच हवी.

सुगंधा वेणी घालत होती. हात थांबवून ती म्हणाली, "मी वाचीन, पन बाईनं शिकवलं तसं. लोकं हासतीन, बाबा. तवा तुमी सांगसान ना, का हेच बरोबर हाय म्हनून?"

"सांगीन," गुरुजी म्हणाले.

"चांद्यात हासले तं मी सहन केलं. इथी तुमी आहा म्हनून वाचतो मी."

"सांगीन म्हनलं ना."

ती मांडवात उभी राहिली. निळं लुगडं, हातात पुस्तक. समोर अख्खं गाव मांडी घालून बसलेलं, आणि सगळ्यांचं तोंड कौतुकानं हसरं, कारण आपलीच पोरगी आपलंच इंग्रजी वाचणार होती. तिनं वाचायला सुरुवात केली. चाल नव्हती. सूर नव्हता. अक्षरं कुठं गिळली जात होती, कुठं भलतीच बाहेर येत होती. गाव बावचळलं. एकमेकांकडं पाहू लागलं. मागून सोनीबाई म्हातारी, जी घरी दळताना हेच गायची, मायेनं म्हणाली, "चुकली वं बाई. बी ए बा म्हन." तिच्या बाजूच्या बायांनी पुढचं उचललं, बी ई बे, तिला आठवण करून द्यायला. पोरं खिदळली. कोणीतरी म्हणालं, चांद्याले जाऊन होतं थेबी इसरून आली. सुगंधा वाचतच राहिली, आवाज चढवून, कान लाल झालेले, पण ओळ सोडली नाही.

साहेबांनी रुमाल काढला. त्या मांडवात ती पोरगी बरोबर वाचते आहे हे कळणारे तिघंच होते. एक साहेब, ते रुमालाआड होते. दुसरे भैयाजी, ते पानाच्या डब्यात काहीतरी शोधत होते. तिसरा तिचा बाप.

"गुरुजी, तुमीच सांगा आता," मुखरू पाटील पुढं बसले होते ते म्हणाले. "कोनतं खरं?"

सुगंधानं वाचणं थांबवलं आणि बापाकडं पाहिलं. घाबरून नाही, भरवशानं पाहिलं. गुरुजी उठले. तोंड उघडलं. भैयाजी डब्यातून मान वर करून पाहत होते, साहेब पाहत होते, सोनीबाई पाहत होती, आणि इतकी वर्षं ज्यांनी राम राम घातला ते सगळे पाहत होते. दोन शब्द बोलायचे होते, तिचं खरं, एवढेच. गुरुजींच्या बाजूला दंडारीची खंजेरी पडली होती. त्यांनी ती उचलली, बोटं मारली, आणि गळा मोकळा करून सूर लावला.

"बी ए बा."

गावानं त्यांच्या तोंडून पुढचं घेतलं. मांडव दणाणला. साहेबांनी ताल धरला, भैयाजींनी मान डोलावली. सुगंधा गाणं संपेपर्यंत उभी राहिली, मग पुस्तक मिटून घरी गेली.

संध्याकाळी गुरुजी घरी आले तेव्हा ती धान पाखडत होती. ते उंबरठ्यावर बसले. "शाळा वाचली," ते म्हणाले. "आठवी मिळन म्हनते साहेब."

"बरं झालं," सुगंधा म्हणाली. सूप खाली ठेवून तिनं आईकडं पाहिलं. "माय, मी चांद्याले जात नाई आता. तू पाहुने पाहा."

गुरुजींनी तिला समजावलं, विनवलं, एकदा हातही जोडले. ती रागावली नाही, उलट बोलली नाही. "तिथी सारे परके होते," एवढंच एकदा म्हणाली. शकुबाईला आनंद व्हायला हवा होता, पण पोरीचा चेहरा पाहून तिलाही झाला नाही. सुटी संपली, सिंदेवाहीची गाडी गेली, आणि चांद्याच्या वर्गातली तिची जागा रिकामी राहिली. कोसमटोल्याला आठवीचा हुकूम आला तेव्हा भैयाजींनी पेढे वाटले. आठवीच्या इंग्रजीला अर्थातच लटारू गुरुजी.

माघात पाहुणे आले. नागभीडकडचं खाऊनपिऊन सुखी घर, मुलगा शेती पाहणारा. शकुबाईनं पोहे केले. सुगंधा पाटावर येऊन बसली. मुलाचे वडील नानाजी जुन्या वळणाचे, पण शिकलेल्यांचा मान राखणारे होते. नाव विचारून झालं, स्वयंपाकाचं विचारून झालं. मग ते कौतुकानं म्हणाले, "बाई, तू चांद्यात शिकली म्हनते. इंग्रजी येत असन तुले?"

गुरुजी बोलायला पुढं सरकले. आता तरी सांगावं, माझी पोरगी खरं इंग्रजी वाचते, या तालुक्यात कोणाला येत नाही तसं, असं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण सुगंधानं खालची मान वर केली नाही आणि त्यांना वेळही दिला नाही.

"नाई," ती म्हणाली. "मले नाई येत. आमच्या बाबाले येते."

पाहुण्यांनी आदरानं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी मान हलवली आणि त्यांच्या पुढं पोह्यांची बशी सरकवली.